पैसे कुठे वाचवलेत ते बघा

घाटकोपरला भटवाडीत मी हार्मोनियम आणि कीबोर्डचे क्लास घेते. सीझनला मराठी ऑर्केस्ट्रात कीबोर्डवर असते. क्लासला येणारी मुलं मोठी झाली की त्यांतलं एखादं हमखास विचारतं, ‘ताई, खराखुरा सिंथ घ्यायचाय, पॉलिफोनिक. बजेट कमी आहे. कुठला घेऊ?’ मॉडेलचं नाव सांगून मोकळं होता येतं, पण मॉडेलं दर दोन-तीन वर्षांनी बदलतात आणि किमती तर डॉलरबरोबर रोज हलतात. मी स्वतः चाळीस हजारांच्या आत बसणारा सिंथ शोधत होते तेव्हा जे हाती लागलं, ते इथे लिहिते. क्रमांक दिलेत ते सोयीसाठी. महत्त्वाचं आधी आणि बिनमहत्त्वाचं नंतर, असं काही नाही.

१. पोटापाण्याचा कीबोर्ड विकून सिंथ घेऊ नये

कार्यक्रम ठरवणारा माणूस फोनवर पहिलं विचारतो ते सनई आहे का, संतूर आहे का, ॲकॉर्डियन कसं वाजतं. मुलुंडच्या कालिदासला असो नाहीतर बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहात, श्रोत्याला मूळ रेकॉर्डमधला तुकडा जसाच्या तसा ऐकायचा असतो. त्यासाठी सॅम्पल वाजवणारा कीबोर्डच लागतो. रोलँडचे एक्सपी-६० आणि एक्सपी-८० नव्वदच्या दशकातले, तरी जुन्या मंडळींच्या स्टँडवर अजून दिसतात. पुढे रोलँडने एक्सपीएस-१०मध्ये आणि यामाहाने पीएसआर-आय मालिकेत तबला, तानपुरा, सतार असे आपल्याकडचे टोन घातले, कारण इथला गिऱ्हाईक तेच मागतो.

सिंथमध्ये यातलं काहीच नसतं. लहर तयार करणारा ऑसिलेटर, तिला गाळणारा फिल्टर, तिचा चढ-उतार ठरवणारा एन्व्हलप आणि भरपूर नॉब. सनई त्यातून निघत नाही. निघते ती सनईची दूरची बहीण. म्हणून सिंथचं बजेट म्हणजे कामाचा कीबोर्ड, त्याचा स्टँड आणि त्याची दुरुस्ती यांतून उरलेले पैसे. उरलेले नसतील तर थांबावं. सातव्या क्रमांकात फुकटचा मार्ग सांगितलाय.

२. कंपनीने पैसे कुठे वाचवले, हा पहिला प्रश्न

स्वस्त सिंथला स्वभाव नसतो, तो महागड्यालाच असतो, असं मला बरीच वर्षं वाटत आलं होतं. इतिहास नेमका उलट सांगतो.

रोलँडने १९८१ मध्ये ज्युपिटर-८ काढला. आठ आवाज, म्हणजे एका वेळी आठ स्वर. प्रत्येक आवाजाला दोन ऑसिलेटर, म्हणजे एकूण सोळा. किंमत सामान्य वादकाच्या आवाक्याबाहेर. पुढच्याच वर्षी आलेल्या ज्युनो मालिकेत त्यांनी हात आखडता घेतला. सहा आवाज आणि प्रत्येकाला एकच ऑसिलेटर, तोही डिजिटल घड्याळाच्या हुकमतीखाली, म्हणजे सूर घसरायचा नाही. पण एकट्या ऑसिलेटरचा आवाज बारीक लागतो. दोन असले की त्यांच्यातल्या किंचित फरकामुळे आवाज भरतो, ते इथे नव्हतं. ती उणीव झाकायला शेवटी एक स्टिरिओ कोरस सर्किट लावलं. आज लोक ज्युनो-६० आणि ज्युनो-१०६ शोधत फिरतात ते बहुतांशी त्या कोरससाठी. झाकण म्हणून लावलेली वस्तूच ओळख होऊन बसली.

कोर्गचा पॉली-८०० १९८३ चा. आवाज आठ, पण फिल्टर सगळ्यांत मिळून एक. बॅटरीवर चालायचा आणि गिटारसारखा पट्टा लावून गळ्यात अडकवता यायचा. कॅसिओचा सीझेड-१०१ १९८४ चा. त्यात नेहमीचा फिल्टरच नव्हता. लहरीचा आकारच मुरडून फिल्टर उघडल्या-मिटल्याचा भास निर्माण करायचा आणि पट्ट्या बोटभर लहान. अमेरिकेत त्याची किंमत ४९९ डॉलर, तर आदल्या वर्षी आलेल्या यामाहा डीएक्स७ची १,९९५. चौथ्या हिश्श्यात मिळालेला तो थोडा काचेरी, थोडा खेळण्यातला आवाज दुसऱ्या कुठल्या वाद्यातून येत नाही.

आपल्या मुंबईचं उदाहरण तर जगभर गाजलं. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या रेकॉर्डिंगमधले जुने वादक. १९८२ मध्ये त्यांनी एचएमव्हीसाठी डिस्कोच्या ठेक्यावर दहा रागांची रेकॉर्ड केली. भैरव, ललत, भूपाळी, तोडीपासून मालकंस, बैरागीपर्यंत. वाद्यं तीन, तिन्ही रोलँडची: ज्युपिटर-८, टीआर-८०८ हे ड्रम मशीन आणि टीबी-३०३ हे बेसचं छोटं यंत्र. ३०३ बनवलं होतं ते एकट्या गिटारवाल्याला रियाझाला बेसची साथ मिळावी म्हणून. साथीला ते कुणाला पटलं नाही, दोन-तीन वर्षांत बंद झालं आणि अमेरिकेत जुन्या बाजारात मातीमोल विकलं जाऊ लागलं. शिकागोच्या पोरांनी ते तिथूनच उचललं आणि १९८७ च्या सुमाराला त्यातून ‘ॲसिड हाउस’ नावाचा प्रकार जन्मला. सिंगांची रेकॉर्ड तेव्हा फारशी खपली नव्हती. ती २०१० मध्ये परदेशात पुन्हा निघाली आणि ऐकणारे चाट पडले: पाच वर्षं आधी मुंबईत हे कोणी केलं?

ॲसिडचा शोध सिंगांनी लावला, असं आता सर्रास म्हणतात. मला ते ताणलेलं वाटतं. त्यांना नवी यंत्रं मिळाली होती आणि हातात राग होते, एवढंच ते होतं. माझ्या दृष्टीने मोलाची गोष्ट वेगळी आहे. ३०३मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती आणि सिंगांनी ती मींडेच्या जागी बसवली. ज्युपिटरची श्रीमंती त्या रेकॉर्डमध्ये आहेच, पण कान पकडून ठेवतं ते स्वस्तातलं ३०३.

तेव्हा दुकानात किंवा विकणाऱ्याच्या घरी वाद्य समोर आलं की बघायचं, काटकसर कुठे झालीय. आवाजांच्या संख्येत? फिल्टरमध्ये? पट्ट्यांत? आउटपुटमध्ये? की नॉबमध्ये? काटकसर प्रत्येकात असते. आपल्या वाजवण्याला ज्या जागी धक्का लागत नाही, तिथे झालेली हवी. पुढचे चार-पाच मुद्दे याच प्रश्नाचे फाटे आहेत.

नॉबमधली काटकसर मला चालत नाही, हे आत्ताच सांगून टाकते. एक पडदा, एक गोल चकती आणि मेनूत मेनू असेल तर घरी कामाचा कीबोर्ड आहेच की. डीएक्स७ हे महान वाद्य, सोळा आवाज, सहा ऑपरेटर, पण सगळा कारभार सपाट बटणांवर आणि एका स्लायडरवर. त्याचे तयार टोन वापरणारे लाखो झाले, स्वतः टोन बनवणारे मोजकेच.

३. चार आवाजांत भागतं

जाहिरातीत ६४, १२८ असे आकडे असतात आणि ॲनालॉग सिंथवर ४ किंवा ६. मुलं इथेच बिचकतात. दोन्ही आकडे एका मापाचे नाहीत. एक्सपी-८०चे ६४ घ्या. त्याच्या एका पॅचमध्ये चार टोन एकावर एक असू शकतात. तसा भरलेला पॅच लावला की एकेका पट्टीला चार आवाज खर्ची पडतात आणि हातात उरतात सोळा स्वर. पॅडल दाबलं की तेही बघता बघता संपतात. ॲनालॉगमध्ये चार म्हणजे चार स्वतंत्र, पूर्ण आवाज, प्रत्येकाचे ऑसिलेटर वेगळे, फिल्टर वेगळा.

आता आपण वाजवतो काय ते बघू. डाव्या हाताने सा-प, किंवा खर्जातला सा आणि प. उजव्या हाताने चाल. झाले तीन. भावगीताला पॅड धरायचा तर तीन स्वरांची कॉर्ड आणि खाली बेस, झाले चार. पंचम गाळला तरी कॉर्ड ओळखू येते, कारण तो बेसच्या सुरात दडलेला असतोच. मग तोही आवाज सुटला, चालीला मिळाला.

अडचण येते ती शेपटीची. पॅडचा रिलीज लांब ठेवला की पट्टी सोडल्यावरही स्वर विरत राहतो, आणि विरणारा स्वरसुद्धा आवाज अडवून बसतो. पुढची कॉर्ड दाबली की यंत्र जुन्यांपैकी एकाला मध्येच कापतं. हेडफोनमध्ये ते टोचतं. उपाय सोपा आहे. रिलीज आखूड ठेवा आणि शेपटी डीलेला, म्हणजे प्रतिध्वनीच्या इफेक्टला सांभाळू द्या. डीले आवाज मोजत नाही. कोर्गच्या मिनीलॉगमध्ये तो आतच दिलेला आहे, चार आवाजांचं वाद्य करताना ती सोय मुद्दाम केली असणार असं मला वाटतं.

मी घेतला तो हाच मिनीलॉग, जुना, अंधेरीच्या एका मुलाकडून. २०१६ चं मॉडेल. चार आवाज, प्रत्येकी दोन ॲनालॉग ऑसिलेटर, ३७ बारीक पट्ट्या, सोळा पायऱ्यांचा सीक्वेन्सर आणि एवढ्याशा पडद्यावर लहरीचा आकार. जवळजवळ प्रत्येक कामाला वेगळा नॉब. क्लासमधल्या लहान मुलांना ती लहर नाचताना दाखवली की स्क्वेअर आणि सॉटूथ वेगळे शिकवावे लागत नाहीत.

आवाजांच्या संख्येवरून आठवलं. सत्तरच्या दशकात वादक केरसी लॉर्ड यांनी मिनीमूग हा सिंथ हिंदी चित्रपटसंगीतात आणला, तो एका वेळी एकच स्वर वाजवणारा. पण तेव्हाच्या रेकॉर्डिंगला खोलीभर व्हायोलिनवाले बसलेले असत. भरणा करायला यंत्राची गरजच नव्हती. यंत्राने करायचं होतं ते नवलाचं काम. खूप स्वर एकदम वाजवणारे कीबोर्ड पुढच्या दशकात आले आणि हळूहळू त्याच व्हायोलिनवाल्यांच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. संशोधक ग्रेगरी बूथ यांनी २००८ च्या पुस्तकात त्या वादकांच्या मुलाखतींतून हे सगळं नोंदवून ठेवलंय. ऑर्केस्ट्रात दहा जणांचं काम एकटीने करते ती मी त्या बदलाचीच लाभार्थी आहे, त्यामुळे फार बोलत नाही. पण घरी, स्वतःसाठी वाजवताना, दहा जणांचं काम करायचं नसतं.

४. एक फिल्टर असेल तर सा धरून बघा

काही स्वस्त सिंथ तीन-चार स्वर एकदम वाजवतात, पण त्या सगळ्यांचा फिल्टर एकच असतो. याला पॅराफोनिक म्हणतात. कोर्गच्या व्होल्का कीजमध्ये तीन स्वर आणि फिल्टर एक. आर्तुरियाच्या मायक्रोफ्रीकमध्ये चार स्वर, फिल्टर एक. दोन्ही वाद्यं मला आवडतात आणि दोन्ही खिशाला परवडतात.

चाचणी अशी: फिल्टरला चांगला ठसठशीत एन्व्हलप लावा. डाव्या हाताने सा दाबून धरा आणि उजव्या हाताने चाल वाजवा. प्रत्येक नव्या स्वराबरोबर खालचा सासुद्धा ‘व्वा, व्वा’ करत उघडायला लागला, तर हा एकाच फिल्टरचा परिणाम. चाल वर आणि स्थिर सूर खाली, अशी आपली बैठक असलेल्याला ते जाचतं. उलट सगळी बोटं एकदम पडणार असतील, ठेक्यावर कॉर्ड मारायच्या असतील, तर ते जाणवतही नाही. नवरात्रातल्या गरब्याच्या तुकड्यांना व्होल्का मस्त लागतो.

५. मींड काढायची तर सुराला वेगळं यंत्र

पॉलिफोनिक सिंथवरचा पिच बेंड सगळे वाजते स्वर एकदम वर नेतो. कोमल गंधारावरून मध्यमाला मींड घेतली की खालचे सा-पसुद्धा जागा सोडून निघतात. तानपुराच बेसूर झाल्यासारखं होतं. महागड्या वाद्यांत दोन भाग वेगळे करता येतात किंवा प्रत्येक पट्टीला स्वतंत्र बेंड देता येतो. आपल्या बजेटात ते धरू नये.

मी तानपुरा मोबाइलच्या ॲपवर लावते आणि सिंथ एका वेळी एकाच स्वरावर ठेवून पोर्टामेंटो, म्हणजे स्वरावरून स्वरावर घसरण, देते. बेंडची मर्यादा दोन सेमिटोन. एवढ्यात पुष्कळ काम होतं. ज्यांना श्रुतींचा ध्यास आहे त्यांनी मिनीलॉग एक्सडी बघावा. २०१९ चा, चारच आवाज, पण त्यात स्वरांच्या जागा स्वतः ठरवता येतात. हार्मोनियमवरचा गंधार ऐकून तोंड वाकडं करणाऱ्या आमच्या एका गुरुजींना तो नक्की आवडला असता.

६. बारीक पट्ट्यांना घाबरायचं कारण नाही

पियानो शिकलेली मुलं ३७ बारीक पट्ट्या बघून नाक मुरडतात. आपला हात हार्मोनियमवर तयार झालेला असतो. हार्मोनियमच्या पट्ट्या पियानोपेक्षा आखूडच असतात आणि सप्तकं तीन, फार तर साडेतीन. ३७ पट्ट्या म्हणजे तीन सप्तकं आणि वरचा सा. कंपनीने इथे वाचवलेले पैसे आपल्याला फायद्यात पडतात.

७. खर्चाआधी महिना-दोन महिने फुकटात वाजवा

जुना लॅपटॉप आणि घरातल्या कीबोर्डची यूएसबी वायर, एवढं पुरे. ‘डेक्स्ड’ हे डीएक्स७च्या पद्धतीचं सॉफ्टवेअर फुकट आहे. ‘सर्ज एक्सटी’ फुकट आहे, ‘व्हायटल’चीही फुकट आवृत्ती मिळते. घंटा, इलेक्ट्रिक पियानो, धातूचा खणखणाट यांत मन रमलं तर तुमचा रस एफएममध्ये, म्हणजे डीएक्स७च्या पद्धतीत आहे. मग यामाहा रिफेस डीएक्स किंवा व्होल्का एफएम बघा. पॅड, ब्रास, फिल्टरचा संथ उघडणारा आवाज यांत रमलं तर ॲनालॉग किंवा त्याची नक्कल बघा. हे कळायच्या आत दुकानात गेलं तर विक्रेता त्याच्याकडे पडून असलेलं वाद्य गळ्यात मारणार. त्याचाही धंदा आहे.

सॉफ्टवेअरवरच थांबलात तरी काही बिघडत नाही. कमी पैशात एवढं काही आणखी कुठे मिळत नाही. मला मात्र माउसने नॉब फिरवून वाजवण्याचा आनंद मिळेना, आणि क्लासमध्ये मुलांना तो देता येईना.

८. जुनं घ्यायचं, पण फार जुनं नको

जुन्याचे दोन प्रकार. एक, ऐंशीच्या दशकातलं खानदानी वाद्य. दोन, गेल्या आठ-दहा वर्षांतलं, पहिल्या मालकाला कंटाळा आलेलं. कमी बजेटवाल्याने दुसऱ्यावर डोळा ठेवावा.

पहिल्याचा मोह मला कळतो. धोबी तलावच्या फुर्टाडोजमध्ये लहानपणी काचेतून बघितलेली नावं असतात ती. पण ज्युनो-१०६ची एक जगजाहीर गोष्ट आहे. त्यात प्रत्येक आवाजाचा फिल्टर एका काळ्या लेपाने बंद केलेल्या चिपमध्ये आहे. वय झालं की तो लेप दगा देतो, एकेक आवाज आधी खरखरतो, मग मुका होतो. कोर्ग पॉलिसिक्समध्ये मेमरीची बॅटरी गळून आतलं सर्किट खाते. डीएक्स७ची बॅटरी बोर्डावर डाख देऊन बसवलेली असते. ती मेली की साठवलेले सगळे टोन गेले. यातलं प्रत्येक दुखणं बरं होतं, पण बरं करणारा हात मुंबईत शोधावा लागतो आणि त्याची फी वाद्याच्या किमतीला टेकते.

त्यात व्होल्टेज. जपानच्या बाजारातलं वाद्य १०० व्होल्टचं असतं, अमेरिकेतलं १२०चं. आपल्या भिंतीत २३०. तसंच लावलं की धूर. लॅमिंग्टन रोडला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण वजनदार असतो आणि तो कायम बरोबर न्यावा लागतो. वाद्याच्या पाठीवर काय छापलंय ते वायर हातात घेण्यापूर्वी वाचावं. ॲडाप्टर बाहेरचा असेल तर त्याची धन-ऋण बाजूही बघावी. कोर्गच्या बऱ्याच ॲडाप्टरना धन टोक आत असतं, रोलँडच्या बऱ्याच ॲडाप्टरना बाहेर. पिन दोन्हीकडे आरामात शिरते, हाच घोळ.

दुसऱ्या प्रकारचं वाद्य तपासायला विकणाऱ्याच्या घरी शांतपणे बसायला मिळालं पाहिजे. स्टेशनच्या पुलावर देवघेव करू म्हणणाऱ्याला मी नमस्कार करते. घरी गेल्यावर वाद्य चालू करून आधी गप्पा माराव्यात. ॲनालॉग ऑसिलेटर तापेपर्यंत सूर हलतो, थंड वाद्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. मग एकच पट्टी सावकाश पुन्हा पुन्हा दाबायची. दर वेळी यंत्र पुढचा आवाज वापरतं, त्यामुळे चार आवाजांच्या वाद्यात चार दाबांत सगळे फिरून येतात. एखादा मुका, मऊ किंवा वेगळा चमकला तर तो आजारी. फिल्टरचा रेझोनन्स वर नेऊन हेच पुन्हा केलं की फरक आणखी उघडा पडतो. त्यानंतर प्रत्येक पट्टी अगदी हळू, मग जोरात. प्रत्येक नॉब टोकापासून टोकापर्यंत. खरखर साफ करून जाते, नॉब फिरवताना आकडा उड्या मारत असेल तर मात्र तो बदलावा लागेल. शेवटी मिडीची वायर लावून बघायची, कारण ते भोक बहुतेकांनी कधी वापरलेलंच नसतं.

आणि वेळ साधावी. गणपती-नवरात्रीच्या आधी कोणी काही विकत नाही, विकलं तर चढ्या भावाने. दिवाळी उरकली की हौशी मंडळींची नवी खरेदी झालेली असते आणि जुनी वाद्यं खोलीत अडचण करू लागतात. घरातली बाई ‘हे कधी जाणार’ म्हणून मागे लागलेली असली की भाव आणखी नरम. मी भाव नेहमी तिच्या समोरच विचारते.

९. मोनोमध्ये ऐकून बघा

घरी हेडफोनमध्ये डावीकडून उजवीकडे वाहणारा कोरस स्वर्गीय वाटतो. सभागृहात, सोसायटीच्या पटांगणात, मंडळाच्या मंडपात साउंडवाला एकच वायर घेतो आणि सगळं मोनो. ज्या वाद्याची सगळी मोहिनी स्टिरिओ कोरसमध्ये आहे ते तिथे निम्मं उरतं, कधी आवाज पोकळ होतो. मिनीलॉगचं आउटपुट मोनोच आहे. समीक्षकांनी त्याला नावं ठेवली होती. मला ती काटकसर फुकटात सोसली, कारण घरी जे ऐकते तेच मंडपात पोहोचतं.

घेण्यापूर्वी वाद्य एकदा साध्या स्पीकरवरही वाजवावं. हेडफोन बेसबद्दल खोटं बोलतो.

१०. दमट हवा आणि लोकलचा डबा

हे इथल्यालाच सांगावं लागतं. जून ते सप्टेंबर पट्ट्यांखालचे रबरी संपर्क, नॉब, जॅक, सगळ्यांवर दमटपणा बसतो. प्लास्टिकचं कव्हर घालून ठेवू नये, आत घाम धरतं. जुनी सुती चादर बरी. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या आणि आठवड्यातून दोन-तीनदा तासभर वाद्य चालू. स्वतःच्या उबेनेच ते कोरडं राहतं. तळमजल्यावर राहत असाल तर वाद्याची जागा कमरेच्या वर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पलंगाखाली ठेवलेलं कोणाचंच काही वाचलं नाही.

वजनाचा विचार किमतीइतकाच करावा. ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड केससकट म्हणजे जवळजवळ माणसाएवढा प्रवासी. संध्याकाळच्या लेडीज डब्यात त्याला उभं करायला जागा मागितली की बायका आधी मला आणि मग केसला बघतात. मालडब्यात न्यावा तर तिथे मासळीच्या टोपल्या, आणि एकटीने रात्री अकरा वाजता तिथे चढणं मला रुचत नाही. ज्युनो-१०६ दहा किलोचा, मिनीलॉग तीन किलोच्या आत. पाठीवरच्या सॅकमध्ये मावतो. घाटकोपरहून मेट्रोने अंधेरीला जायचं तर तपासणीच्या यंत्रातून सॅक सरकते आणि पडद्यावर नॉबच्या रांगा दिसतात. ‘मॅडम, ये क्या है?’ असं विचारणाऱ्याला मी ‘बाजा’ म्हणते. बाजा म्हटलं की सोडतात, सिंथेसायझर म्हटलं की उघडायला लावतात.

रिफेस, व्होल्का आणि मायक्रोकोर्ग सहा पेन्सिल सेलवरही चालतात. गच्चीवर वाजवणाऱ्यांसाठी ही मोठी सोय आहे.

११. खोका ठेवा

वन-रूम किचनमध्ये रिकामा खोका ठेवणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. तरी ठेवावा. मूळ खोका, बिल आणि मूळ ॲडाप्टर असलेलं वाद्य चटकन जातं आणि घासाघीस कमी होते. सहा आवाजांचं काही परवडायला लागलं तर माझा मिनीलॉग मी दिवाळीनंतर विकेन. बोरिवलीच्या एका विद्यार्थ्याने आत्ताच सांगून ठेवलंय, पण तो पाच हजार कमी म्हणतोय.